भाऊजी अजून भंडारदऱ्यातच

भाऊजी भंडारदऱ्याच्या तंबूत होते तेव्हा त्यांना नाशिक हवं होतं. हे नोंदवून ठेवायला हवं, कारण नाशकात पाऊल टाकल्यावर त्यांनी ते साफ नाकबूल केलं.

जूनचा पहिला आठवडा. आर्थर तलावाच्या काठी हिरड्या-बेहड्यांवर काजवे लखलखत होते आणि भाऊजी ताईला विचारत होते, "नाशकात मिसळ सकाळी किती वाजता मिळते गं?" पाठीखाली खडा टोचला, गिझर आणि गादीची आठवण. पहाटे तंबूच्या छतावरून दव टपकलं, पुन्हा तीच. शेवटी ताईने घोटीमार्गे नाशिक गाठायचं आणि एक रात्र हॉटेलात काढायची असं ठरवूनच टाकलं.

खोलीत शिरताच भाऊजींनी आधी एसी बंद केला. "ही काय हवा आहे?" मग खिडकी उघडली. मुंबई-आग्रा रस्त्यावरचे ट्रक थेट उशाशी वाजायला लागले. ताईने गिझर लावला होता, पण हे गार पाण्याच्या एका तांब्यात दात, दाढी आणि मोजे उरकून बाहेर आले. कपाळावर हेडलॅम्प, तोही चालू. बाथरूममध्ये दोन दिवे होते.

खरा सोहळा तंबूचा. ओला तंबू गुंडाळून ठेवला की बुरशी धरतो, हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. पण गच्चीवर हॉटेलच्या चादरी वाळत होत्या. मग भाऊजींनी काठ्या जोडल्या आणि पलंग अन् टीव्ही यांच्या मधोमध तंबू उभा केला. फरशीत खुंट्या ठोकता येईनात, म्हणून चार कोपऱ्यांना चार बॅगा. चहा घेऊन आलेला पोऱ्या दारातच थबकला. मग धंद्याचं भान ठेवून म्हणाला, "साहेब, एक्स्ट्रा बेड सांगितला होता ना?"

"रद्द कर. चिरंजीव तंबूत झोपतील."

चिरंजीव पलंगावर झोपले. तंबूत भाऊजी झोपले, आणि सकाळी कंबर धरून उठले. "काय झोप लागली!" असं म्हणाले मात्र हसून.

पांडवलेण्यांत त्यांना आपली माणसं भेटली. गौतमी बलश्रीचा शिलालेख तिसऱ्या लेण्यात आहे, तो आम्ही बघत राहिलो. भाऊजी थेट भिक्षूंच्या खोलीत. आत दगडात कोरलेला ओटा, झोपण्यासाठी. "बघा! गादी नाही, उशी नाही. पावसाळाभर मुक्काम. ह्याला म्हणतात कॅम्प!" ताई म्हणाली, "ह्यांना इथेच ठेवू या. चेक-आउटही नाही."

रामकुंडावर तर त्यांनी भूगोलाचीच साक्ष काढली. भंडारदऱ्याच्या विल्सन धरणात अडवलेली प्रवरा पुढे नेवाशाजवळ प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. हे खरंच आहे. त्यावरून भाऊजींचा निष्कर्ष: "म्हणजे पाणी एकच. आपण अजून कॅम्पवरच आहोत." संगम नाशिकच्या कितीतरी खाली आहे आणि पाणी उलटं चढत नाही, हे भाचीने दहावीच्या पुस्तकाच्या जोरावर सांगितलं. तिला कुल्फी देऊन गप्प करण्यात आलं.

आणि मिसळ? ज्या मिसळीसाठी काजव्यांकडे पाठ फिरवली होती ती समोर आली: मटकीवर लाल तर्री, दही, पापड, गरम पाव. भाऊजींनी दोन प्लेटा संपवल्या, तिसऱ्यांदा रस्सा मागवला, नाकाचं पाणी पुसलं आणि उसासा टाकला, "पण भंडारदऱ्याच्या त्या मावशींच्या चुलीवरच्या पिठलं-भाकरीची सर नाही." त्या पिठल्याला त्यांनीच तिथे 'अळणी' म्हटलं होतं. ताईने हे बोलून दाखवलं नाही. वीस वर्षांच्या संसारात काय बोलायचं आणि काय बिलात मांडायचं, हे तिला कळतं.

आता पुढच्या सुट्टीत हरिश्चंद्रगडाचा बेत चालू आहे. तुमच्याही घरात असे भाऊजी असतील आणि परतताना शहरात एखादी रात्र काढणार असाल, तर हॉटेलवाल्याला फोनवर एसी, नाश्ता वगैरे विचारत बसू नका. गच्ची रिकामी आहे का, तेवढं आधी विचारा.