आटे मोडणाऱ्या हातास

सन्माननीय कारागीर महोदय,



आजोबांच्या रॅले सायकलला आपला हात लागला आणि ती कायमची सरळमार्गी झाली. वळायचं नावच घेत नाही. पोलीस ॲक्शनच्या आदल्या वर्षी आजोबांनी ती सोलापुरातून आणली, तेव्हा उस्मानाबाद निजामाचं होतं. राजवट गेली, 2023 साली गावाचं धाराशिव झालं. चिमट्यावरचे आटे मात्र नॉटिंगहॅमच्या कारखान्यात पाडले तसेच राहिले. आपला पाना लागेपर्यंत.

आपला काय दोष? खोड नॉटिंगहॅमच्या साहेबाची. इतर बहुतेक सायकलींच्या चिमट्याला इंचात 24 आटे, तर रॅलेला 26. नळी दोन्हीकडे एक इंचीच. त्यामुळे आपला 24चा नट पहिले दोन फेरे हातानंच, अगदी लाडात गेला असणार. मग अडला. एखाद्या भित्र्यानं तो उलटा फिरवून काढला असता. आपण पान्याला पाईप लावलात!

काल लेथवर तो नट उतरवला, तर मागोमाग स्प्रिंगसारखी वेटोळी तार निघाली. हेच ते नॉटिंगहॅमचे आटे. लेथवाल्यानं ती तळहातावर घेतली आणि गप्प बसला. एरवी तो निदान शिवी तरी देतो.

खालच्या वाटीत 5/32च्या छऱ्यांमध्ये आपण 3/16चे तीन थोरले बसवलेत. धाकट्यांनी आराम करायचा, भार थोरल्यांनी उचलायचा. आमच्या घरातसुद्धा एवढी शिस्त नाही. त्यांनी वाटीला खळगे पाडलेत. हँडल मधोमध आलं की खटकन त्यात बसतं, मग हलवायला दोन्ही हात लागतात. हे मला तुळजापूरच्या घाटात, उतारावर कळलं. आई भवानीची कृपा, म्हणून पत्र लिहितोय.

नळीचे खालचे आटे शाबूत आहेत. 26ची डाय फिरवली तर वरचेही थोडे सावरतील, असं लेथवाला म्हणतो. वाटी आणि छरे जमवता येतील. पण नट 26चाच हवा, आणि तो दोन भंगारवाल्यांकडे शोधून पाहिला, नाही मिळाला. मूळचा आपण काढलात तो परत दिला नाहीत. फेकला नसणार, आपण काही फेकत नाही. दाराजवळच्या त्या डालड्याच्या डब्यात असेल. रविवारी येतो. आटे मोजायचा गेज आणि लोहचुंबक माझा मी आणीन. आपण फक्त खुर्चीत बसून राहा.

आपला,
सरळ जाणारं गिऱ्हाईक