आलोच आहोत तर

नवी मुंबईतल्या माणसाची आराखड्यावर फार श्रद्धा. 1970 साली सिडको स्थापन झाली, आधी कागदावर चौकोन आखले गेले आणि मग त्यांत माणसं राहायला आली. आमच्याकडे पत्ता म्हणजे सेक्टर, प्लॉट, मजला. 'मारुतीच्या देवळामागं' असा पत्ता देणाऱ्याला वॉचमन गेटवरच अडवतो. त्यामुळे खारघरच्या भाऊजींनी गुहागरच्या प्रवासाचा तक्ता एक्सेलमध्ये केला, तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. चहाला बारा मिनिटं, लघुशंकेला वेगळा रकाना.

गुहागरला जायचं कारण व्याडेश्वर, आमचं कुलदैवत. त्याला भाऊजींनी कॅम्पिंगची जोड दिली. त्यांच्या ऑफिसातली मंडळी शनिवार-रविवारी पवना धरणाच्या काठी तंबूत राहून येतात. तिथं तंबू आधीच उभा असतो, पुढ्यात कुणीतरी पनीर भाजत असतो आणि आपण फक्त आत शिरायचं असतं, हे भाऊजींना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी तंबू विकत आणला.

'तंबूत राहायचंय' एवढंच आईच्या कानावर पडलं आणि तिनं कुकर, स्टोव्ह, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, मिसळणाचा डबा, दोन सतरंज्या आणि विळी बांधून घेतली. मराठी कुटुंब कॅम्पिंग करत नाही, ते बिऱ्हाड हलवतं. गाडीत सामान बसलं. माझी मुलगी कुकर मांडीवर घेऊन बसली.

मार्चमधल्या जोडसुट्टीत सकाळी आम्ही नेरुळहून निघालो आणि पळस्पे फाट्यावर मुंबई-गोवा महामार्गाला लागलो. पनवेल ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम 2011 साली सुरू झालं. तेव्हा माझी मुलगी पाळण्यात होती. त्यानंतर तिचे दुधाचे दात पडले, तिला चष्मा लागला, ती माझ्या खांद्याच्या वर गेली. रस्त्याबद्दल इतकं काही सांगता येत नाही. पण त्या रस्त्यानं आमचं काहीच बिघडवलं नाही. बिघडवलं वाकण फाट्यानं.

"जावईबापू, इथून पाली किती हो?"

भाऊजी खरं बोलणारे. "नऊ-दहा किलोमीटर असेल, आई."

"मग आलोच आहोत तर बल्लाळेश्वराच्या पाया पडून जाऊ."

मी मुलगा, मी 'काही नको' म्हणू शकतो आणि म्हणतोही. माझं कुणी ऐकत नाही, तो भाग वेगळा. जावयाला ती सोय नाही. सासूनं मागच्या सीटवरून मागणी करायची आणि जावयानं स्टिअरिंग फिरवायचं, ही रचना सिडकोच्याही आधीची आहे.

पालीला दर्शन झालं. भक्ताच्या नावानं ओळखला जाणारा अष्टविनायकांतला हा एकच गणपती, हे आईनं आम्हाला सांगितलं आणि तिथंच तिला दुसरा आठवला. "एक झाला, आता महडचा करू. जेवण तिथंच आहे ना आपलं?"

तक्त्यात जेवण होतं महाडला. महाड दक्षिणेला, महामार्गावर, आमच्या वाटेवर. वरदविनायकाचं महड खोपोलीजवळ, म्हणजे आलो त्याच दिशेला. एका कान्याचा फरक. ताईनं तो समजावून सांगायचा प्रयत्न केला. आई म्हणाली, "महडच म्हणतेय मी." भाऊजींनी गाडी वळवली. दुपारी आम्ही महडला प्रसाद घेत होतो, तेव्हा मोबाइलचा नकाशा आपणहून सांगत होता की घर तासाभरावर आहे. मुलीनं कुकर खाली ठेवला आणि विचारलं, "बाबा, झाली ट्रिप?"

मग पुन्हा पाली, पुन्हा वाकण. त्या फाट्यावरचा चहावाला आम्हाला ओळखू लागला. माणगावला सूर्य कलला, तेव्हा गुहागर सोडून म्हसळ्याच्या रस्त्यानं दिवेआगर गाठायचं ठरलं. भाऊजींच्या तक्त्यात दिवेआगर नव्हतंच, त्यामुळे ते एकदम मोकळे दिसायला लागले.

एका वाडीच्या मालकांनी अंगणात तंबू लावायची परवानगी दिली, पण त्यांना आमची काळजीच वाटत होती. "घरात दोन खोल्या रिकाम्या आहेत, तंबू कशाला?" भाऊजी म्हणाले, "आम्ही कॅम्पिंगला आलोय." "असू दे. पण माडाखाली नका लावू, नारळ पडतो. पोफळीखाली लावा. आणि खुंट्या जपून ठोका. 1997 साली इथल्याच एका वाडीत खणताना सोन्याचा गणपती सापडला होता." त्यानंतर भाऊजींनी खुंट्या गरजेपेक्षा बऱ्याच खोल ठोकल्या.

तंबूच्या पिशवीवर 'पाच मिनिटांत उभारा' असं छापलेलं होतं. आईचा भात होऊन वरणाच्या शिट्ट्या झाल्या, तरी तंबू एका अंगावर कललेलाच होता. जेवणं झाली. रात्री डास आले. आधी आई उठून ओटीवर गेली, मग तिची सोबत म्हणून ताई, मग ताईची उशी न्यायला म्हणून माझी बायको, आणि मुलगी कुणाला न सांगताच. मी पाणी प्यायला गेलो तो परत आलो नाही. आत भाऊजी एकटे राहिले. तंबूची किंमत त्यांनाच ठाऊक होती.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यानं निघालो. सह्याद्रीतून येणारी प्रत्येक नदी समुद्रापाशी रुंद होते, तिची खाडी होते, आणि किनाऱ्याच्या रस्त्याला तिथं निमूट थांबावं लागतं. बागमांडल्याला सावित्रीची बाणकोट खाडी आडवी आली. एरवी आंबेतच्या पुलावरून मोठा वळसा. पण जेट्टी आहे, म्हणजे गाड्या पलीकडे नेणारी फेरीबोट. गाड्या, दुचाक्या, माशांच्या टोपल्या आणि कुकरसकट आमची मुलगी, असे सगळे पलीकडे वेसवीला उतरलो.

"आलोच आहोत तर नाना फडणविसांचं गाव बघू," आई म्हणाली. ते वेळास, जेट्टीपासून जवळच. पेशवाईतला सगळ्यात पक्के बेत आखणारा माणूस ज्या गावचा, तिथं भाऊजींनी तक्ता मोबाइलमधून पुसून टाकला. वेळासला 2002 साली सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं गावकऱ्यांना सोबत घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपायला सुरुवात केली. तंबू न उघडता आम्ही एका घरात मुक्काम केला, मोदक खाल्ले आणि सकाळी किनाऱ्यावर गेलो. वाळूवर सोडलेली तळहाताएवढीही नसलेली पिल्लं पडत-धडपडत सरळ समुद्राकडे गेली. एकही वळलं नाही. "त्यांची आजी बरोबर नाहीये ना," मुलगी म्हणाली.

केळशी, आंजर्ले, हर्णै... प्रत्येक ठिकाणी आलोच होतो. दाभोळला वाशिष्ठीच्या खाडीवर धोपाव्याच्या जेट्टीची वाट बघत उभे असताना मी आईला जरा टोचून बोललो, की सरळ महामार्गानं एव्हाना दोनदा जाऊन आलो असतो.

"बोट तरी कुठं सरळ यायची?" ती म्हणाली. "भाऊच्या धक्क्यावर बसायचं, ती बंदरं घेत घेत यायची. दाभोळला तर भर पाण्यात पडावात उतरायचं, कडेवर पोर आणि डोक्यावर ट्रंक. तेव्हा नव्हतं कुणी तक्ता करत." मग जरा थांबून म्हणाली, "जावईबापू, पलीकडं उतरलं की हेदवी किती हो?"

आम्ही गुहागरला पोचलो, अभिषेक झाला. माझं मत असं, की बरोबर सासू-जावयाची जोडी नसेल, तर किनाऱ्याच्या रस्त्यानं जाऊच नये. फार लवकर पोचायला होतं. तुम्ही जाणार असाल, तर जेट्टीच्या शेवटच्या फेरीची वेळ आधी विचारून घ्या, आणि तंबू विकत घेऊ नका. भाऊजींचा खारघरला पडून आहे. चार माणसांचा, जवळजवळ नवा, एक खुंटी कमी. ती दिवेआगरला इतकी खोल गेलीय की निघाली नाही. कुणाला हवा असेल तर कळवा. पोचता करू, मात्र कधी पोचेल ते सांगत नाही.