हत्तीचा आ

सीमाभागातल्या अनगोळच्या आमच्या घरात जेवणाच्या खोलीत तीन हत्ती आहेत. पहिला मराठी तक्त्यावर, 'ह हत्तीचा'. दुसरा कन्नड तक्त्यावर. कन्नडमध्ये हत्तीला आने म्हणतात, म्हणून तो 'आ'पाशी उभा. तिसरा इंग्रजी तक्त्यावर, ई फॉर एलिफंट. (म्हणायचं ई आणि तोंड उघडायचं ए ला, हा त्या भाषेचा घरगुती मामला आहे. आपण पडू नये.) तिन्ही तक्ते सूनबाईंनी खडेबाजारातून एकाच दिवशी आणले. तिन्ही हत्तींचा पुढचा डावा पाय उचललेला आहे. बिचारे पाय कुठं टेकवायचा ते ठरवतायत.

तक्ते चिनूसाठी. चिनू माझा नातू, सव्वाचार वर्षांचा. घरात मराठी, बालवाडीत इंग्रजी आणि भिंतीपलीकडच्या अज्जींकडं कन्नड, अशी त्याची तीन दुकानं एकाच वेळी उघडी असतात.

चित्र दाखवायचं आणि अक्षर वदवून घ्यायचं, हा धंदा मी मराठी शाळेत 31 वर्षं केला. त्यामुळं चित्रांच्या लबाड्या मला ठाऊक आहेत. ई ईडलिंबाचा म्हणून चित्र दाखवलं की सगळा वर्ग 'लिंबू' म्हणून ओरडायचा, आणि ते चूक कसं हे मलाही सांगता यायचं नाही. ऐरणीला पोरं स्टूल म्हणायची. यज्ञाला शेकोटी. भटजींना आजोबा. थ साठी तर आपल्याकडं थडगं ठेवलेलं. सहा वर्षांच्या पोराला अक्षरओळख करून द्यायला इतक्या लांब जायची काय गरज होती, कोण जाणे. आमची पोरं त्याला कट्टा म्हणत, आणि वर बसून चिंचा खाता येतील का, असं विचारत.

पण तेव्हा निदान भाषा एक होती. आता तीन तक्ते शेजारी शेजारी लागल्यावर माझ्या लक्षात आलं, की जनावरांचा काही भरवसा नाही. उंदीर आमच्याकडं उ चा. कन्नडमध्ये तो इलि, म्हणून इ चा. मोर इकडं म खाली पिसारा फुलवतो, तिकडं नविलु होऊन न खाली. त्यातल्या त्यात मगर प्रामाणिक. कन्नडमध्ये ती मोसळे, म्हणजे म ला धरून. पण इंग्रजीत गेली की क्रोकोडाइल. मी एक पूर्ण दुपार खर्चून तिन्ही भाषांत अक्षर न बदलणारं जनावर शोधलं. माकड. कन्नडमध्ये मंग, इंग्रजीत मंकी. ही बातमी मी सौभाग्यवतींना दिली. त्या म्हणाल्या, "सापडलं ना एकदाचं? आता डाळ निवडायला या."

चिनूला म येतो. प येतो, ब येतो. मला तो 'आबा' म्हणतो ते खणखणीत. येत नाही तो क. क च्या जागी त आणि ग च्या जागी द. कावळा 'तावळा', गणपती 'दणपती'. राज्याला तो 'तर्नाटक' म्हणतो. सीमाप्रश्नावर इतकं निरुपद्रवी भाष्य आमच्या भागात फार वर्षांत झालेलं नाही. खरी पंचाईत झाली ती माझ्या धाकट्या मुलाची. तो चिनूचा काका, म्हणजे 'ताता'. कन्नडमध्ये ताता म्हणजे आजोबा. वय वर्षं 28, स्थळं बघणं चालू, आणि रस्त्यात सगळ्यांदेखत पोर हाक मारतंय, ताता! पलीकडच्या अज्जी त्याला विचारतात, "काय ताता, गुडघे कसे आहेत की?"

त्यात बालवाडीत सुरू झालं फोनिक्स. जॉली फोनिक्स नावाची ही पद्धत इंग्लंडातली, 1992 सालची. इंग्रजीचे 42 आवाज, आणि प्रत्येकाला एकेक हातवारा. कल्पना झकास आहे, फक्त घरच्यांना आधी सांगायला हवं होतं. एका लग्नाच्या पंगतीत चिनू दंडावर बोटं चालवत 'ॲ ॲ ॲ' करायला लागला. या आवाजाची खूण अंगावर चढणाऱ्या मुंग्या अशी आहे. शेजारच्या मावशींनी त्याचा शर्ट उतरवून झटकला. मग आली जिलेबी. वाढप्यानं विचारलं, वाढू का? चिनू त्या वेळी टी वर होता. टी ला टेनिसचा सामना बघतोय अशी मान डावी-उजवीकडं हलवत 'ट् ट्' करायचं. वाढप्या पुढच्या पानावर गेला. मग जे रडणं झालं, त्याला 42 पैकी एकही खूण लागत नव्हती.

क ला त्या लोकांनी कॅस्टानेट दिलंय. कॅस्टानेट म्हणजे स्पेनमधल्या चिपळ्या. हात वर धरून बोटं वाजवत म्हणायचं, 'क् क्'. चिनू बोटं झकास वाजवायचा आणि म्हणायचा, 'त् त्'. सौभाग्यवतींना वाटलं, पोर वारकरी होणार.

शेवटी त्याला वाचा-उपचार करणाऱ्या मॅडमकडं नेलं. त्या म्हणाल्या, बहुतेक मुलांचं हे साडेतीन-चारपर्यंत आपोआप सुटतं. याला थोडा धक्का देऊ. आणि त्यांनी आरसा माझ्याच हातात दिला. "आजोबा, प म्हणा. दिसला? आता क म्हणा." मी क म्हटला. आरशात एक म्हातारा आ करून बसलेला दिसला, बाकी काही नाही. प, ब, म ओठांवर होतात, पोराला समोरच्याच्या तोंडावर दिसतात. क जिभेच्या पार मागच्या टोकाला होतो, अंधारात. जे दिसतच नाही त्याची नक्कल पोरानं करायची कशी?

आता टीसीएचला, म्हणजे मास्तरकीच्या अभ्यासक्रमाला, असताना मी हे सगळं पाठ केलं होतं, बरं का. कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ. कचटतप हा क्रम म्हणजे तोंडाचा नकाशाच, घशापासून ओठांपर्यंत. कन्नड तक्ताही याच क्रमानं उतरतो; हत्तीवरून भांडणारे दोन तक्ते तोंडाच्या बाबतीत सख्खे भाऊ. मी हे परीक्षेत लिहिलं, गुण मिळवले आणि पुढं 31 वर्षं 'क कमळाचा' म्हणत राहिलो. क मुळात जिभेचा आहे, कमळ नंतरचं, हे मॅडमनी आरसा दिला तेव्हा कळलं. वर आपली वर्णमाला आतून बाहेर येते आणि मूल बाहेरून आत जातं. आम्ही त्याला पहिल्याच दिवशी विहिरीच्या तळाशी उभं करतो आणि म्हणतो, बोल क.

मग मला एक जुनं पुस्तक आठवलं. 1658 साली कोमेनियस नावाच्या मास्तरानं न्यूरेंबर्गला मुलांसाठी चित्रांचं पुस्तक काढलं. त्याच्या अक्षरांच्या पानावर प्राणी आपलं नाव सांगतच नाहीत, आवाज काढतात. अस्वल 'मम् मम्' करतं आणि म शिकवतं. क साठी बदक, ते 'ख ख' करतं. आपल्याकडं बदक ब मध्ये गप्प बसलंय. मी उत्साहानं चिनूला विचारलं, बदक कसं ओरडतं रे? "त्वॅत त्वॅत." मग कावळा? "ताव ताव." कोमेनियसचं पुस्तक मी मनातल्या मनात मिटलं.

मॅडमचा गृहपाठ असा: चमच्याच्या दांड्यानं जिभेचं टोक खाली धरून ठेवायचं, म्हणजे त व्हायला जागाच उरत नाही, आणि मग क म्हणायचं. शिवाय पाण्याच्या गुळण्या, डोकं मागं टाकून, घशात खळखळ करत. जीभ मागं कुठं उचलते ते पोराला कळावं म्हणून. रोज सकाळी परसात आम्ही दोघं तोंडात चमचे घालून एकमेकांसमोर बसायचो. मी गुळणीसाठी कवळी काढून ठेवायचो. कवळी काढली की माझा त जातो, आणि चिनूकडं क नव्हता. दोघांत मिळून एक अख्खी वर्णमाला होती.

अकराव्या दिवशी गुळणी टाकता टाकता चिनूच्या तोंडून 'ख्क' असं काहीतरी आलं. तो दचकला. पुन्हा केलं. मग परसभर धावत सुटला, क क क क! आत दाढी करणाऱ्या माझ्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा 'काका' अशी हाक ऐकू आली. गालाला साबण तसाच ठेवून तो बाहेर आला आणि पोराला उचलून नाचला.

आनंद चार दिवस टिकला. नवीन सायकल मिळालेलं पोर वाण्याकडंसुद्धा सायकलवरूनच जातं, तसं चिनूचं झालं. जिथं त असेल तिथंही क. भातावर 'कूप' वाढ. 'काक' पाहिजे. 'कांदूळ' कोण निवडतंय? मॅडमना फोन केला, तर त्या हसून म्हणाल्या, छान, होतं असं, बसेल जागेवर.

संध्याकाळी अज्जी आल्या. त्यांना बातमी लागली होतीच. "काय की हो मास्तर, पोराला क आला म्हणं?" त्यांची खात्री पटवायला मी मराठी तक्ता काढून आणला आणि चिनूला थेट शेवटच्या ओळीवर नेलं. हे कोण?

चिनूनं छाती फुगवली. "हक्की!"

कन्नडमध्ये हक्की म्हणजे पक्षी. अज्जींनी तक्त्याकडं बघितलंच नाही. कपाळावर आडवा हात धरला आणि नारळाच्या शेंड्याकडं मान वर केली. "हक्की? एल्लि ऐति?" कुठं आहे म्हणून चिनूनंही वर बघितलं. आणि 31 वर्षं मास्तरकी केलेला माणूस, हातात तक्ता घेऊन, अनगोळातल्या आपल्या परसात नारळावर हत्ती शोधत उभा राहिला.