आण्णांकडे आठ दिवस : एक परिपत्रक

प्रस्तावना. सोलापूर-धुळे महामार्गावर येरमाळ्याच्या पुढं लागणाऱ्या तेरखेड्याला समुद्र नाही. फटाक्यांचे कारखाने आहेत, ज्वारी-सोयाबीन आहे, मे महिन्यात चाळिशी ओलांडणारं ऊन आहे. समुद्राबद्दल गावानं आजवर कुणाकडं तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. तरीही इथल्या आणि एकूणच धाराशिव, बीड, लातूरकडच्या काही घरांना उन्हाळ्यात समुद्रावर जावं लागतं, कारण त्यांचे वडील तिथं आहेत.

वडील तिथं कसे, याचं उत्तर जिल्हा परिषदेत सापडतं. मराठवाड्यात डी.एड. करणारी पोरं उदंड आणि जागा थोड्या. कोकणात जागा होत्या. तेव्हा ट्रंक, वळकटी आणि स्टोव्ह घेऊन कितीतरी जण रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत रुजू झाले. चार वर्षं काढू, मग बदली करून घेऊ, असा प्रत्येकाचा हिशेब. पण आंतरजिल्हा बदली म्हणजे इकडं सोडणारा हवा, तिकडं बिंदुनामावलीत जागा हवी. आणि हे सगळं जुळलंच, तर नव्या जिल्ह्यात सेवाज्येष्ठता तळापासून सुरू. अर्ज करता करता अठ्ठावन्न पूर्ण होतात आणि निरोपाचा नारळ मिळतो. बहुतेक गुरुजी त्यानंतर गावी परततात. काही परतत नाहीत. सेवापुस्तकात मूळ जिल्हा ‘उस्मानाबाद’ लिहिलेला, आता तो जिल्हाही धाराशिव झाला. आपण मात्र गुहागरात, वाडीतल्या दोन खोल्या आणि एक पडवी भाड्यानं घेऊन मजेत. अशा आण्णांकडे आठ दिवस निवांत कसं राहावं, याबद्दलच्या सूचना खालीलप्रमाणे निर्गमित करण्यात येत आहेत.

कलम १, व्याप्ती. या सूचना थोरला मुलगा, सूनबाई आणि नातवंडं यांना लागू राहतील. धाकटा पुण्यात असून तो फक्त व्हिडिओ कॉलवर येतो. त्याला कोणतंच कलम लागू नाही, हे घरातल्या सगळ्यांना फार आधीपासून माहीत आहे.

कलम २, मार्ग. येरमाळा, बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी करत कराड गाठावं. तिथून गुहागर-विजापूर रस्ता लागतो : पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि जिथं रस्ताच संपतो ते गुहागर. एसटीनं जावं, असा आण्णांचा आग्रह असतो. त्यात अर्थशास्त्र आहे. 2023 पासून सूनबाईंना अर्धं तिकीट, बारा वर्षांच्या आतल्या पोरांना अर्धं, पासष्टी ओलांडलेल्या आण्णांना अर्धं. कुटुंबात पूर्ण भाडं भरणारा एकटा थोरला, आणि कंडक्टर तिकीट फाडताना त्याच्याकडं ज्या नजरेनं बघतो ती त्याला घाटातल्या वळणांपेक्षा जास्त लागते. घाटात पोरांना उलटी होते. लिंबू जवळ ठेवावं.

कलम ३, सामान. हे कलम जरा सविस्तर घ्यावं लागेल, कारण थोरल्याचं प्रेम सामानातून व्यक्त होतं.

एका उन्हाळ्यात असाच एक थोरला बापासाठी कूलर घेऊन निघाला. एसटीच्या टपावर दोरीनं बांधून, कुंभार्ली घाट उतरवून, गुहागरात दाखल. बाप तिथं घामानं निथळतोय आणि आपण इकडं कूलरपुढं झोपतोय, हे त्याला बघवेना. भावना चांगली, भौतिकशास्त्र कच्चं. कूलर वाळ्याच्या ताट्यांवरून वारा नेतो, पाणी सुकतं आणि सुकताना हवेतली उष्णता घेतं. म्हणून गार वाटतं. तेरखेड्याची मे महिन्यातली हवा इतकी कोरडी की तिला पाणी प्यायला द्यायचा अवकाश. गुहागरची हवा आधीच पिऊन तर्र. पारा तिथं तेहतीस-चौतीसच्या पुढं फारसा जात नाही, पण अंगावरचा घामच वाळत नाही, तिथं ताटीवरचं पाणी काय वाळणार? कूलर सुरू केला की खोलीत ओल तेवढी वाढते आणि उशीला वास येतो. आण्णांनी दोन तास तो कौतुकानं चालवला. मग म्हणाले, “बाळा, चांगलाय. पण बंद कर.” सध्या त्यात शेजारणीची कोंबडी अंड्यावर बसते.

तेव्हा : गुहागरात उघडी खिडकी, पंखा आणि सुती बनियन, एवढंच चालतं.

फटाके नेऊ नयेत. गावचा माल म्हणून नातवंडांना मिरवायचा असतो हे मान्य, पण स्फोटक माल एसटीत चालत नाही, रेल्वेत तर तो गुन्हाच आहे. शिवाय तिकडं सगळंच सादळतं. मीठ, पापड, आगपेटी. फटाक्याची वात ती काय! दिवाळीला पेटवलेला बॉम्ब फुसकन् विझला की आण्णांना चारचौघांत खाली बघावं लागतं. तेरखेड्याचा माणूस बाकी कुठलाही अपमान सोसेल.

ज्वारीचं पीठ नेऊ नये, ज्वारी न्यावी. मालदांडीच असावी, निघण्याआधी कडक ऊन दाखवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी, आणि तिकडं लागेल तशी थोडी थोडी दळावी. पीठ चार दिवसांत कुबट होतं आणि भाकरी थापताना चिरते. गुहागरच्या गिरणीत तांदळाच्या दळणामागून ज्वारी टाकतात, त्यामुळं पहिल्या भाकरीला तांदळाची चव येते. याबद्दल आण्णा काहीही म्हणत नाहीत, म्हणून पाहुण्यांनीही म्हणू नये. कुंथलगिरीचे पेढे न्यावेत आणि पोचल्या दिवशीच वाटून संपवावेत. त्या हवेत तिसऱ्या दिवशी त्यांना लव येते.

कलम ४, निवांतपणा. याच कलमाचं सर्वाधिक उल्लंघन होतं.

थोरला पहाटे पाचला उठतो. गावाकडं एक आठवडा दिवसाची लाइट, एक आठवडा रात्रीची, अशी मोटारीची पाळी सांभाळून त्याच्या झोपेचे तुकडे झालेले. इथं मोटार नाही, बैल नाहीत, दूध काढायचं नाही. तो पडवीत येरझाऱ्या घालतो. सात वाजेपर्यंत गड्याला तीन फोन होतात : “मोटार चालू झाली का? स्टार्टर टाकलास का? मग पाणी कुठवर आलं?” दुसऱ्या दिवशी तो वाडीतली नारळाची झाडं मोजतो, झाडाला नारळ किती, नारळाला भाव काय, विचारून गुणाकार करतो आणि जेवताना आकडा जाहीर करतो. वाडी दुसऱ्याची आहे, हे त्याच्या गणितात कुठं बसत नाही. तिसऱ्या दिवशी तो विहिरीत डोकावतो. दहा-बारा हातांवर पाणी! मग मात्र तो बराच वेळ काही बोलत नाही. जिथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो तिथं सातशेवाल्यानं विहिरीत डोकावूच नये, असा नियम करायला हवा.

यावर उपाय एकच : थोरल्याला काम द्यावं. मे महिन्यात रातांबे पिकतात. आण्णा ते शेजाऱ्यांकडून टोपलीनं आणतात. फळ फोडायचं, बिया आणि गर वेगळा काढून त्यात मीठ घालायचं, सुटलेल्या रसात साली बुडवून उन्हात टाकायच्या. वाळल्या की परत रसात, परत उन्हात. अशी पुटं चढत जातात तसतशा साली काळ्या पडतात आणि आमसुलं तयार होतात. बोटं आठवडाभर जांभळी राहतात. हे काम हातात आलं की थोरला गप बसतो. बापलेक समोरासमोर बसून अर्धी टोपली फोडतात आणि दोघांत मिळून वाक्यं होतात चार, त्यातली दोन मिठाबद्दल. सूनबाई आतून बघतात आणि चहा जरा उशिराच टाकतात.

कलम ५, समुद्र. गुहागरचा किनारा लांबलचक, सुरूच्या बनाच्या कडेनं सरळ गेलेला. संध्याकाळी चालावं. पाण्यात उतरण्याबाबत मात्र परिपत्रकाची भाषा बाजूला ठेवून स्पष्ट सांगितलेलं बरं : विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसानं समुद्रात शहाणपणा करू नये. विहिरीला चारी बाजूंनी काठ असतो आणि विहीर कुणाला आत ओढत नाही. ओहोटीचं पाणी ओढतं. गुडघ्याच्या पुढं जायचं नाही, आणि स्थानिक माणूस “नको” म्हणाला की “आमच्याकडं पन्नास फूट विहिरीत मुटका मारतो आम्ही” हे त्याला ऐकवायचं नाही. आपली पोरं हातानं धरायची.

भरती-ओहोटीची वेळ आण्णांना विचारावी. मोबाइलमध्ये असते, तरी विचारावी. पंचांगातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती, बाराच्या सुमाराला ओहोटी. पुढच्या तिथीला पंचेचाळीस मिनिटं उशीर. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. कोकणातले कोळी हे तोंडी करतात. तेरखेड्याकडच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केलेल्या गुरुजींना हे गणित इथं येऊन पहिल्यांदा समजलं तेव्हा कोण आनंद झाला असेल! छड्या खाऊन शिकलेल्या पाऊणकीचा पाण्याशी काही संबंध असेल, हे बालाघाटच्या डोंगरात कुणाच्या स्वप्नात यावं?

हा हिशेब न विचारणाऱ्यांचं काय होतं, त्याचं उदाहरण हेदवीला मिळतं. हेदवीच्या किनाऱ्यावर बामणघळ आहे, कातळातली अरुंद भेग. भरतीचं पाणी तिच्यात घुसतं आणि कोंडून उंच उसळतं, ते बघायला लोक लांबून येतात. थोरला पंचमीच्या दिवशी नाश्ता करून, रिक्षा ठरवून, सगळ्यांना घेऊन दहाला तिथं हजर. पाच पाऊण पावणेचार, म्हणजे दहाला पूर्ण ओहोटी. सगळ्यांनी एक कोरडी भेग पाहिली. अर्धा तास पाहिली, कारण रिक्षाचे पैसे दिलेले होते. धाकट्या नातीनं विचारलं, “पाणी कुठाय?” आण्णा घरीच थांबले होते. त्यांना वेळ कुणी विचारली नव्हती आणि न विचारता उत्तर सांगायचं नाही, ही त्यांची वर्गातली जुनी शिस्त.

कलम ६, मासे. आण्णा खातात. त्यावर चर्चा नाही.

कलम ७, बाजार. आण्णांबरोबर बाजारात जायचं तर दुपारची इतर कामं ठेवू नयेत. जायला दहा मिनिटं, यायला दोन तास. व्याडेश्वराच्या देवळापासून एसटी स्टँडपर्यंत दर पाचव्या दुकानातून “गुरुजी!” अशी हाक येते. औषधांचा दुकानदार, जीपवाला, पोस्टातली बाई, कुठलासा सरपंच. सगळे चौथी ‘ब’. गुरुजींना नावं आठवतात, वडिलांची नावं आठवतात, आणि भागाकारात कोण कच्चा होता तेही. तो कच्चा विद्यार्थी आता सुटे पैसे न मोजता देतो. थोरला हातात पिशवी घेऊन मागं उभा असतो. “हे आमचे थोरले. शेती बघतात गावाकडं,” अशी त्याची ओळख करून दिली जाते. त्याला चौथीत असताना हे गुरुजी नव्हते. ते इथं होते, यांना शिकवत होते. वर्षातून दोनदा, दिवाळीला आणि मेमध्ये, घरी यायचे. चैत्रात रजा मिळाली तर येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेला, चुन्याचे खडे वेचायला. थोरला पिशवी या हातातून त्या हातात घेतो. यात नियम असा काही नाही.

कलम ८, विचारू नये असे प्रश्न. एकच आहे. “आण्णा, गावाकडं कधी येताव?”

तो पहिल्या दिवशी विचारला तर आण्णा “बघू” म्हणतात, तिसऱ्या दिवशी विचारला तर “पावसाळा होऊ दे,” आणि सहाव्या दिवशी सूनबाईंमार्फत विचारला तर उठून झाडांना पाणी घालायला जातात, विहिरीला एवढं पाणी असताना आणि झाडं दुसऱ्याची असताना. थोरल्याची बाजू खोटी नाही. लोक विचारतात, बाप म्हातारपणी परमुलखात भाड्यानं राहतो, पोरं बघत नाहीत वाटतं, असं पारावर बोललं जातं. आई होती तोवर तिच्या ओढीनं आण्णा निदान येळवशीला तरी यायचे. आता वेळा अमावास्येला ते इथंच वाडीत चटई टाकून भज्जी, उंडे आणि आंबील करतात आणि शेजारपाजारच्यांना जेवू घालतात. शेजाऱ्यांना आंबील आवडायला सात-आठ वर्षं लागली. एवढ्या मेहनतीनं तयार केलेली माणसं सोडून कोण येईल, असं या कलमाचा मसुदा करणाऱ्याचं मत आहे. थोरल्याचं मत वेगळं आहे आणि त्यालाही ते मांडायचा हक्क आहे. फक्त ते एसटीत बसल्यावर खिडकीतून मांडावं, म्हणजे दोघांनाही उत्तराची घाई राहत नाही.

कलम ९, परतीचं सामान. आण्णा नारळ देतात, सुपारी देतात, फणसाची साठं देतात, थोरल्यानं स्वतः केलेली आमसुलं त्यालाच देतात. नको म्हणू नये. नारळ सोलून मागावेत, वजन निम्म्यावर येतं. शेंडी मात्र ठेवायला सांगावी, त्याशिवाय ते टिकत नाहीत. पुढच्या खेपेची यादी वहीच्या पाठकोऱ्या पानावर, उभ्या समासासह मिळेल : मालदांडी, हुलगे, शेंगाची चटणी, आणि खाली लाल शाईनं अधोरेखित, ‘यंत्र कोणतेही आणू नये’. सुकट दिली तर ती आधी डब्यात, डबा प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कापडी पिशवीत अशी बांधावी आणि स्वतःच्याच सीटखाली ठेवावी. कराडला बस बदलताना ती विसरण्याचा मोह होतो. विसरू नये, आण्णा रात्री फोन करून पोचल्याचं विचारतात, आणि लगेच दुसरा प्रश्न सुकटीबद्दल असतो.