ताडपत्री कोणाची?

केशोरीला जायचं तर गोंदिया-बल्लारशा गाडीनं अर्जुनीला उतरायचं आणि पुढं काळीपिवळी धरायची. माझ्या मांडीवर पिशवी होती, पिशवीवर शेजाऱ्याचा कोंबडा. "तरास नाई ना जी?" असं त्यानं मायेनं विचारलं. मी "नाही" म्हणालो. नंतर लक्षात आलं, तो कोंबड्याशी बोलत होता.

गोठणगाव मागं पडलं. इथं तिबेटी लोकांची वसाहत आहे. हिमालय सोडून आलेली ही माणसं १९७२पासून या धानाच्या मुलखात नांदताहेत. जानेवारीच्या रात्री केशोरीत उघड्यावर नाटक पाहायचं म्हटल्यावर मला त्यांच्या स्वेटरांची फार आठवण झाली. गोंदियाचा पारा सात-आठ अंशांवर उतरला की वर्तमानपत्रं 'विदर्भात नीचांक' असं छापतात. जिल्ह्याला त्याचा थोडा अभिमानही असावा.

गावात शंकरपट होता. दिवसा बैल पळतात, रात्री नट. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं शर्यती थांबवल्या होत्या. मे २०२३मध्ये घटनापीठानं परवानगीवर शिक्कामोर्तब केलं. नटांना मात्र रात्रभर जुंपण्याविरुद्ध अजून कुणी कोर्टात गेलेलं नाही. भाऊबीजेनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात आणि झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्याची, नाटकं उन्हाळा तोंडावर येईपर्यंत चालतात. या नाटकांची राजधानी वडसा, सरकारी कागदावर देसाईगंज. तिथं नाटक कंपन्यांच्या पाट्या ओळीनं लागतात, गावोगावची मंडळं येऊन तारखा घेतात, इसार देतात. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्यामुंबईच्या बऱ्याच जणांनी झाडीपट्टी नकाशावर शोधली.

नाटक रात्री दहाच्या पुढं सुरू होतं आणि कोंबडा आरवेपर्यंत चालतं. मधे सोडून कुणी घरी जात नाही. याला रसिकता म्हणतात, पण आणखी एक कारण आहे. पटासाठी घरोघर पाहुणे उतरलेले असतात, आणि घरी जाऊन झोपावं तर आपल्या अंथरुणात जावयाचा मावसभाऊ असतो.

पावणेदहाला पूर्वेकडं वीज चमकली. भर थंडीत पाऊस ही इथली नवलाई नाही. बंगालच्या उपसागरावरचे दमट वारे इकडं सरकतात, उत्तरेकडून पश्चिमी चक्रावाताचा थंड वारा येतो, आणि दोघांची भेट नेमकी विदर्भाच्या डोक्यावर होते. भेट फारच जिव्हाळ्याची झाली तर गाराही पडतात. इतर ठिकाणी अशा वेळी प्रेक्षक आकाशाकडं बघतात. केशोरीत सगळ्यांनी मंचाच्या छताकडं बघितलं. छतावर निळी ताडपत्री होती, आणि ती मिरचीवाल्याची होती.

केशोरीची मिरची नावाजलेली. या दिवसांत ती तोडून अंगणात वाळत घातलेली असते. वाळत्या मिरचीवर पाणी पडलं की ती काळवंडते, बुरशी धरते, आणि व्यापारी ती बोटानं उचलून अशा तोंडानं बघतो की शेतकऱ्याला आपणच काळवंडल्यासारखं वाटतं. म्हणजे एकच ताडपत्री आणि तिच्याखाली एक तर मिरची, नाही तर महाराष्ट्राची लोककला.

मालक मंचापाशी आला. "माजी ताडपत्री देऊन टाका जी."

मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "नाटक सुरू होऊन रायलं गा!"

"तिकडं मिरची भिजून रायली!"

खलनायक रंग लावून तयार होता. कपाळावर आडवा वण, डोळ्यांत काजळ. तो खाली आला तेव्हा वाटलं, आता गावकऱ्याची खैर नाही. पण त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "काका, माझंबी धान केंद्रावर उघडं पडलं आहे. काढून घ्या." आणि स्वतःच बांबूवर चढला. एक दोरी नायकानं सोडली, एक विनोदी नटानं. नायिका खालून "डावीकडं, डावीकडं" सांगत होती. तो प्रवेश त्या रात्रीचा सर्वांत नैसर्गिक अभिनय होता.

मग पाऊस आला. कंपनीत काय आधी वाचवायचं याची एक उतरंड असते, ती मी डोळ्यांनी पाहिली. सर्वांत आधी सिंथेसायझर. तो गोधडीत गुंडाळला गेला. मग ध्वनिक्षेपकाची पेटी, मग तबला, मग साड्या, मग नायिका, आणि सर्वांत शेवटी नायक. पडद्याला कुणी विचारलंच नाही. त्यावर राजवाडा रंगवलेला होता. पाणी लागताच महालाचे खांब ओघळू लागले आणि थोड्याच वेळात कारंज्यात उतरले. वीज गेली. प्रेक्षकांनी खालच्या सतरंज्या डोक्यावर घेतल्या आणि जागेवरच बसून राहिले. लंडनला शेक्सपिअरच्या ग्लोब नाट्यगृहात उभ्या प्रेक्षकांच्या डोक्यावर छप्पर नाही आणि छत्री उघडायलाही बंदी आहे. केशोरीच्या माणसाला हे सांगितलं तर तो म्हणेल, सतरंजी चालते का?

अंधारात कंपनीचा मॅनेजर आणि अध्यक्ष यांची वेगळी जुगलबंदी चालली होती. मॅनेजरचं म्हणणं, नटांनी रंग लावला म्हणजे प्रयोग झाला. अध्यक्षांचं म्हणणं, पडदा वर गेला नाही तर प्रयोग कसला. मॅनेजर म्हणाला, "पडदा कुठून वर जाईल जी, तो वाहून गेला." उद्याचं नाटक करावं तर उद्या कंपनीची तारीख दुसऱ्या गावी. परवा तिसऱ्या. हंगाम चार महिन्यांचा आणि पोट बारा महिन्यांचं. बुडालेली रात्र भरून काढायला पंचांगात जागाच नसते. शिवाय मंडळानं तिकिटं विकलेली आणि त्याच पैशांतून मंडप, जेवण, जाहिरातीची गाडी भागवलेली. दोघंही खरं बोलत होते, त्यामुळं भांडण मिटेना.

बाराच्या सुमारास पाऊस थांबला. मिरचीवाला ताडपत्री खांद्यावर टाकून परत आला. मिरची घरात, ओसरीत आणि पाहुण्यांच्या उशाशी भरून झाली होती. पाहुणे शिंकत शिंकत नाटकालाच आले. मालकाची एकच अट: ताडपत्री बांधतो, पण माईकवरून नाव घ्या. नाव घेतलं गेलं. पहिल्या अंकाआधी, दुसऱ्या अंकाआधी, आणि हीरो-हिरॉईनच्या गाण्याच्या मधेही.

पहाटे चारला खलनायक मेला. मरण इतकं रंगलं की माईकवर लगेच घोषणा झाली: "ताडपत्रीवाल्या काकांकडून खलनायकाला एकशेएक रुपये बक्षीस!" प्रेत उठलं, नमस्कार केला, नोटा खिशात घातल्या आणि पुन्हा जागेवर आडवं झालं. मागून कुणी तरी ओरडलं, "पुन्हा मर गा, आमाले दिसलं नाई!"

तो पुन्हा मेला. या वेळी एक्कावन्न मिळाले.