इवाईबुवांना लाल चहा कसा पाजावा

तिवसा तालुक्यात आलेल्या पाहुण्याला चाय न पाजता वाटेला लावणे हा गुन्हा आहे आणि चायच्या नावाखाली भलतेच काही पाजणे हा त्याहून मोठा. हा दुसरा गुन्हा पद्धतशीर कसा करावा याबद्दल मार्गदर्शन कुठेच मिळत नाही. प्रस्तुत लेखकाने तो तीनदा केला असून तिन्ही वेळा तो पकडला गेला आहे. एवढी पात्रता पुरे.

सर्वप्रथम फूल ओळखावे. मोबाईलवर ‘हिबिस्कस टी’ वाचून माणूस उठतो तो थेट अंगणातल्या जास्वंदीपाशी जातो. तिथे थांबावे. जास्वंदीवर पहिला हक्क गणपतीचा. दुसरा हक्क पहाटे पाचला आकडी आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन ‘फिरायला’ निघणाऱ्या काकांचा. ते आपल्या कुंपणावरून फुले तोडून आपल्यालाच ‘राम राम’ करतात. या दोघांतून चारदोन फुले वाचलीच, तर ती उकळून पाहावी. दौत विसळल्यासारखे जांभळट पाणी होते. त्यात लिंबू पिळले की ते एकदम गुलाबी होते आणि घरातली लहान मुले टाळ्या वाजवतात. चवीच्या नावाने मात्र शंख, कारण जास्वंदीत आंबटपणा नाही.

दुकानातल्या पाकिटात असते ती जास्वंदीची चुलतबहीण, आपली लाल अंबाडी. शास्त्रीय नाव हिबिस्कस सबदरिफा. कापूस, भेंडी, अंबाडी आणि जास्वंद ही सगळी एकाच कुळातली भाऊकी. पैकी कापसाला भाव मिळो न मिळो, मान मिळाला. भेंडीला बाजार मिळाला, जास्वंदीला देव मिळाला आणि अंबाडीच्या वाट्याला शेताचा धुरा आला.

इथे दुसरी चूक होते. लाल दिसते म्हणून तिला लोक फूल म्हणतात. अंबाडीचे फूल पिवळे, मधोमध गडद लाल, आणि सकाळी उमलून त्याच दिवशी मिटणारे. आपण पितो तो फुलाखालचा कोश. फूल गळाल्यावर तो बोंडाभोवती फुगून मांसल आणि लाल होतो. दिवाळीनंतर ही बोंडे तोडावीत. अंगठ्याने बुडातून दाब दिला की आतली हिरवी बियांची पेटी टचकन सुटते आणि हातात पाच टोकांचा लाल मुकुट राहतो. शंभरेक बोंडे झाली की बोटे लाल होतात आणि नखांतला रंग दोन दिवस जात नाही. सुपात पसरून सावलीत वाळवावे. आमसुलासारखी चिवट झाली की बरणीत भरावे.

दोराची अंबाडी वेगळी. तिची बोंडे कुसळी असतात, ती उकळू नयेत. पूर्वी धुऱ्यावर दोन्ही असत. काड्या पाण्यात कुजवायच्या, सोलायच्या, वाख काढायचा आणि त्याचे कासरे, दावी वळायची. कोवळा पाला भाजीला. ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली अंबाडी, वरून लसणाची फोडणी. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला तर ती हवीच. पुढे नायलॉनचा दोर आला, मग ट्रॅक्टर आला, बैल गेले आणि बैलांमागे अंबाडीही गेली. आता ती पाकिटातून परत येते आहे, माहेरी आल्यावर कोणी ओळखत नाही अशा लेकीसारखी.

आता कृती. स्टीलच्या गंजात पाणी उकळावे. ॲल्युमिनियमचा किंवा बिनकल्हईचा पितळी गंज घेऊ नये, कारण अंबाडीचा आंबटपणा भांड्यालाही सोडत नाही. कपाला पाचसहा कोश टाकून झाकण ठेवावे आणि सात मिनिटे कोणालाही झाकण उचलू देऊ नये. रंग लाल येतो. चिमूटभर खायचा सोडा पडला तर निळसर काळपट होतो, म्हणून सोड्याची बरणी लांब ठेवावी. गूळ घालावा आणि दूध घालू नये.

हे शेवटचे वाक्य प्रस्तुत लेखकाने आईला सांगितले नव्हते. इवाईबुवा, म्हणजे आमचे व्याही, ओट्यावर बसलेले, आत बिनदुधाचा कप भरलेला, आणि पाहुण्याला काळी चाय देताना मायमाऊलीचा जीव कळवळला. तिने वाटीभर दूध ओतले. क्षणात गुलाबी फुटक्या तरंगू लागल्या. इवाईबुवांनी कपात पाहिले, गोठ्याकडे पाहिले आणि हळूच विचारले, “काऊन जी, म्हैस बिमार हाय का?”

पेयाला नाव काय द्यावे, हा कायद्याचा प्रश्न आहे. अन्नसुरक्षेच्या नियमांत चहा म्हणजे कॅमेलिया सायनेन्सिस या झाडाची पाने. त्या न्यायाने आपला कप चहा नव्हेच. काढा म्हणावे तर पाहुणा दचकून विचारतो, घरात कोण आजारी आहे? सरबत म्हणावे तर पौषाच्या थंडीत ते वाफाळते कसे? इजिप्तमध्ये याला करकदे म्हणतात, सेनेगलमध्ये बिसाप, मेक्सिकोत हामाइका. यातले एखादे नाव तिवसा बस स्टँडवरच्या टपरीत मोठ्याने उच्चारून पाहावे आणि निकाल स्वतः अनुभवावा.

पाहुणा तरी नाक मुरडू लागला तर संशोधन काढावे. 2010 साली अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. 65 माणसे, सहा आठवडे, रोज तीन कप. पिणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सरासरी 7.2 अंकांनी उतरला, नुसते रंगीत पाणी पिणाऱ्यांचा 1.3 ने. हे आकडे ऐकले की इवाईबुवा लगेच बीपीच्या गोळ्या बंद करायच्या गोष्टी बोलू लागतात. तसे करू देऊ नये, नाहीतर लग्नात न झालेले भांडण आता होईल. आणि सून गरोदर असेल तर तिच्या हाती हा कप मुळीच देऊ नये.

मुहूर्तही सांभाळावा. गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला पाहुणे येतात ते अश्विनात. तेव्हा धुऱ्यावरची बोंडे तयार नसतात, म्हणून बरणी आदल्या वर्षीची लागते.

तिसऱ्या खेपेला सगळे शास्त्र पाळले होते. दूध कपाटात, सोडा माळ्यावर, आई शेजारी. इवाईबुवांनी कप बशीत ओतला, फुंकर मारली, एक घोट घेतला आणि डोळे बारीक केले.

“हे तर अंबाडी व्हय! आमची बुढी भाजीत टाके. मस्त हाय.” त्यांनी बशी पार संपवली, मिशी पुसली आणि म्हणाले, “आता चाय मांडा.”

ज्यांना इतके वाचूनही हा उद्योग करायचा आहे, त्यांनी बोंडांतले बी फेकू नये. मृगाच्या पहिल्या पावसात धुऱ्यावर टाकावे. आणि त्यातले दोन मुठी बी प्रस्तुत लेखकाला आणून द्यावे, कारण आमच्या धुऱ्यावर आता रानडुकरांसाठी ओढलेली तार तेवढी आहे आणि बरणीतली बोंडे पाकिटातली होती.