यंत्रवाले अप्पा

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षाच्या गावात एक तरी ‘यंत्रवाले अप्पा’ असतातच. बागेत खांबावर त्यांचं हवामान केंद्र: पाऊस मोजायचं भांडं, वाऱ्याची फिरकी आणि वेलीत पानांआड दडवलेला ओलाव्याचा सेन्सर. लग्नाचा वाढदिवस अप्पांना आठवत नाही. पण काल रात्री पान किती तास ओलं होतं, हे झोपेतून उठवलं तरी सांगतात.

ऑक्टोबर छाटणी झाली की अप्पा देहानं पंगतीत आणि जिवानं मोबाईलवर येणाऱ्या यंत्राच्या आकड्यांत. जिलेबीवाल्या वाढप्यालाही थांबवतात. “डाऊनीच्या रोगाला पानावर पाणी लागतं बरं का. तिचे बीजाणू त्या पाण्यात पोहत पानाखालच्या छिद्रांतून आत शिरतात. पोहत! आमचा नातू अजून विहिरीला भितो. भुरीचं निराळं, तिला ओलं पान नको, ढगाळ दमट हवा पुरते.” वाढपी केव्हाच पुढं गेलेला असतो.

बसून ऐकणारा सापडलाच, तर बोर्डोची गोष्ट. फ्रान्समध्ये रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडायचे, चोरांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून. नेमक्या त्याच वेली डाऊनीतून वाचल्या. मिलार्डे या शास्त्रज्ञानं ते हेरलं आणि 1885 मध्ये बोर्डो मिश्रण जगापुढं आलं. म्हणजे या फवारणीचा जन्मच धास्तीतून! (हे मी म्हणतो, अप्पा नाही म्हणणार.)

अप्पांचं तत्त्व स्वच्छ आहे. धोका असेल तेव्हाच फवारायचं. औषधाचा पैसा वाचतो आणि युरोपला जाणाऱ्या मालात औषधाचा अंश जादा निघायची टांगती तलवारही राहत नाही. हे तत्त्व दिवेलागणीपर्यंत टिकतं.

परवा मोबाईल म्हणाला, पान कोरडं, धोका कमी. तरी खात्रीसाठी अप्पा बॅटरी घेऊन बागेत चक्कर मारून आले आणि आडवे झाले. तेवढ्यात शेजारच्या बागेत फवारणीचा ब्लोअर घुमू लागला.

“अहो, त्याच्याकडं यंत्र कुठंय? त्याला काय कळणार?” काकू म्हणाल्या.

“तेच तर! यंत्राशिवाय कळलं, म्हणजे केवढं असेल!”

घटकाभरात अप्पांचाही ट्रॅक्टर बागेत.

सकाळी शेजारी बांधावर भेटला. “अप्पा, लय उपकार झाले. रात्री तुमची बॅटरी बागेत फिरताना दिसली. म्हटलं, यंत्रानं कायतरी वंगाळ सांगितलं असणार. लगेच ब्लोअर जोडला.”

अप्पा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “यापुढं अंधारातच जात जाईन.”